शामोनीत भाड्याची माउंटन बाईक: सायकल झकास, ब्रेक उलटे

आधीच सांगून टाकते, मी सायकलवाली नाही. शाळेत असताना चालवायचे तेवढीच, मग कॉलेजपासून आजतागायत स्कूटर, आणि सस्पेंशन हा शब्द मी फक्त सर्व्हिसिंगच्या बिलावर वाचलेला. तर हा रिव्ह्यू अशाच लोकांसाठी आहे जे आल्प्समध्ये फिरायला जातात, खिडकीतून खाली उड्या मारत येणारे सायकलवाले बघतात आणि मनात म्हणतात की एकदा करून बघूया की. ज्यांना सगळं येतं त्यांनी हसायला वाचा.

माझा धाकटा भाऊ जिनिव्हात असतो, तिथून फ्रान्समधलं शामोनी बसने दीड तासाच्या आसपास. आम्ही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो आणि तेही मुद्दाम, कारण जुलै-ऑगस्टमध्ये या दरीतल्या बऱ्याचशा पायवाटांवर सायकलला बंदीच असते, चालणाऱ्यांची एवढी गर्दी असते की दोघं एका वाटेवर मावत नाहीत. त्या दोन महिन्यांत मोजक्या वाटा तेवढ्या खुल्या राहतात, आणि ही गोष्ट सायकल बुक करताना आपणहून कोणी सांगेलच असं नाही, त्यामुळे सुट्टी जुलैत असेल तर आधी विचारून घ्या की कुठे कुठे जाता येईल, नाहीतर भाडं भरून गावातल्या गावात चकरा माराल.

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. थोडी तक्रार आहे, पण माणसं वाईट नव्हती, आणि शामोनीत अशी दुकानं पावलापावलावर आहेत. बोर्डावर इंग्रजीतल्या लोकेशनचंच स्पेलिंग असतं, मी भावाला म्हटलं अरे हे काय सगळीकडे लोकेशन लोकेशन, तर तो म्हणाला ताई, ते लोकासियों आहे, म्हणजे भाड्याने. पुढे व्हीटीटी लिहिलेलं असलं की माउंटन बाईक, आणि व्हीटीटीएई असलं की बॅटरीवाली. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

आत गेल्यावर भिंतीभर सायकली टांगलेल्या. साधारण तीन प्रकार समजा. हार्डटेल, म्हणजे फक्त पुढच्या फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांना) सस्पेंशन, म्हणजे धक्के शोषायची सोय, मागे काही नाही. मग फुल सस्पेंशन, पुढेमागे दोन्हीकडे. आणि ई-बाईक, जी बहुतेक फुल सस्पेंशनच असते पण पोटात मोटर. आम्हाला हार्डटेलचे दिवसाचे ३५ युरो सांगितले आणि ई-बाईकचे ७०, हेल्मेट त्यातच. दर सीझनप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे हलतात, त्यामुळे हा आकडा घेऊन कोणाशी भांडू नका. भावाने ई-बाईक घेतली कारण त्याला वर चढायचा कंटाळा, आणि मी हार्डटेल घेतली कारण मला वाटलं जेवढं कमी तेवढं बरं. तो निर्णय बरोबर निघाला, पण कारण वेगळं. हार्डटेल तेरा-चौदा किलोची, ई-बाईक तेवीस-चोवीसच्या घरात. ती आडवी पडली की उचलताना नाकी नऊ येतात, आणि नवशिक्याची सायकल आडवी पडतेच.

आता दुकानातली मुख्य गोष्ट. काउंटरवरच्या पोराने विचारलं उंची किती, वजन किती. उंची खरी सांगितली. वजन सांगताना मी सहा किलो खाल्ले. बायकांना (आणि पुरुषांनाही, उगाच नाही म्हणू नका) सवय असते ना, तोंडातून आपोआप जुना आकडा निघतो. भाऊ शेजारी उभा राहून नुसता खोकला. मला वाटलं हे फॉर्मवर लिहायला विचारतायत. तर त्या पोराने एक छोटा काटावाला पंप आणला, फोर्कच्या डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या त्या खोट्या वजनाच्या हिशोबाने हवा भरली. फोर्कमध्ये स्प्रिंगच्या जागी हवा असते, आणि ती तुमच्या वजनावर ठरते. तुम्ही नुसते सायकलवर उभे राहिलात की फोर्क थोडा खाली बसायला हवा, हार्डटेलला तो जेवढा खाली जाऊ शकतो त्याच्या साधारण पाचवा हिस्सा वगैरे, जास्त बसला तर हवा कमी आणि बसलाच नाही तर जास्त. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा मी खूश, पोराला माझ्यावर संशय आला नाही म्हणून.

बाकी त्याने साईज नीट बघून दिली, दोन्ही पाय टेकवून उभं राहायला लावलं, मधली दांडी आणि मी यांच्यात जागा आहे ना बघितलं. सीटचं बटण दाखवलं, हँडलवर डाव्या अंगठ्याशी एक खटका असतो, तो दाबून बसलं की सीट खाली जाते आणि परत दाबला की सुर्रकन वर येते. मी चार वेळा तेच केलं, लहान मुलासारखं. चढावर सीट वर, उतारावर सीट खाली, एवढंच, पण या एका खटक्याने नवशिक्याची निम्मी भीती जाते कारण उतारावर पोटाखाली काही नसतं, पाय पटकन टेकवता येतो. भाड्याची सायकल घेताना बाकी काही कळलं नाही तरी चालेल, हा खटका आहे का ते बघा. पुढे एकच चकती, मागे बारा, गियर फक्त उजव्या हाताला. टायर जाडजूड आणि आतली हवा आपल्याला वाटते त्याच्या निम्मीसुद्धा नाही, दाबलं तर बोट थोडं आत जातं. मी म्हटलं हवा कमी आहे का, तर म्हणाला नाही, दगडावर पकड हवी असेल तर अशीच ठेवतात.

ब्रेकबद्दल तो एवढंच म्हणाला की एक बोट पुरे, हायड्रॉलिक आहेत. बस. आणि हीच माझी तक्रार.

आपल्या स्कूटरवर डावा हात म्हणजे मागचा ब्रेक, उजवा म्हणजे पुढचा. आपल्या सायकलींनाही बहुतेक तसंच. फ्रान्समध्ये सायकलला उलटं. डावा पुढचा, उजवा मागचा. वीस वर्षं डाव्या हाताने हळूच मागचा ब्रेक दाबायची सवय लागलेला माणूस तिथे सायकलवर बसला की त्याचा डावा हात म्हणजे टाइम बॉम्ब. दुकानदाराला यात नवल वाटत नाही कारण त्याच्यासाठी तेच सुलट आहे. मी सपाटीवर निघाले तेव्हा कळलंसुद्धा नाही, कारण सपाटीवर दोन्ही ब्रेक सारखेच वाटतात.

आणि सुरुवातीचा रस्ता खरंच मस्त होता, तेवढं लिहिलंच पाहिजे. शामोनी गाव १०३५ मीटरवर, आर्व नदीच्या काठाकाठाने बूशेच्या झाडीतून निघालं की ले प्रा नावाचं छोटं गाव लागतं (बोर्डावर शेवटी झेड दिसतो, तो उच्चारायचा नाही, शामोनीतल्या एक्ससारखाच). सगळी रुंद मातीची वाट, ऊन झाडांतून गाळून आलेलं, नदीचं पाणी हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठामुळे दूध मिसळल्यासारखं राखाडी. ले प्राला चर्चपाशी थांबून वर बघायचं, ड्रूचा सुळका एकदम मानेवर आल्यासारखा दिसतो. इथपर्यंत कोणीही येऊ शकतं, अगदी लहान मुलं येत होती. हो, बारा वर्षांखालच्या पोरांना फ्रान्समध्ये सायकलवर हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं आहे, पण मोठ्यांनीही घालाच, पुढे वाचा म्हणजे कळेल.

ले प्राच्या पुढे ले तीन आणि मग आर्जांतिएरपर्यंत चढ. आर्जांतिएर साडेबाराशे मीटरवर, म्हणजे एकूण दोनशे-सव्वादोनशे मीटरच चढायचं, कागदावर काहीच नाही. प्रत्यक्षात माझी वाट लागली. सर्वात मोठी मागची चकती टाकून पायडल मारतेय मारतेय आणि सायकल आपली मुंगीच्या चालीने, भाऊ शेजारून इको मोडवर गाणं गुणगुणत. त्याची मोटर पंचवीसच्या स्पीडला मदत बंद करते, पण चढावर पंचवीस जातंय कोण, त्यामुळे तो पूर्णवेळ राजा. मी दोनदा उतरून ढकलत नेली. लाज वाटून घेऊ नका, तिथे बरेच जण ढकलत होते, आणि ढकलताना बघायला मिळालं तेवढं चालवताना नसतंच मिळालं. गावात पाण्याचे लाकडी कुंड असतात, नळाला नाँ पोताब्ल लिहिलं असेल तर पिऊ नका.

आर्जांतिएरला कॉफी घेतली आणि खरं तर तिथूनच सायकल ट्रेनमध्ये टाकून परत यायला हवं होतं. सॅं-जेर्व्हे ते व्हालोर्सीनची ती लाल छोटी ट्रेन १९०१ मध्ये शामोनीला पोचली आणि १९०८ मध्ये व्हालोर्सीनपर्यंत, अजून त्याच अरुंद रुळांवर चालते, सायकल फुकट घेते, आणि हॉटेलवाले जे पाहुण्यांचं कार्ड देतात ते दाखवलं की सेर्व्होपासून व्हालोर्सीनपर्यंत माणूसही फुकट. चढायला ट्रेन आणि उतरायला सायकल, हा नवशिक्यांचा खरा प्लॅन. आम्ही नेमकं उलटं केलेलं, आधी दमलो आणि मग उतार. दमलेल्या माणसाने उतरू नये हे मला कोणी सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं म्हणा.

उतरायला भावाने पती बाल्कों स्यूद निवडली. दरीच्या उन्हाकडच्या बाजूने जंगलातून जाणारी वाट, चालणाऱ्यांचीही आवडती. तो म्हणाला ताई, सोपी आहे, मी गेलोय. सोपी हा शब्द भावंडांकडून कधी ऐकू नये. फ्रान्समध्ये सायकलच्या वाटांना रंग असतात, हिरवी सर्वात सोपी, मग निळी, लाल, काळी, पण मी रंग विचारलाच नाही. पहिली दहा मिनिटं स्वर्ग. सीट खाली, पायडल एका रेषेत, बूड उचललेलं, नजर चाकावर नाही तर पुढे चार-पाच मीटरवर, हे सगळं त्या पोराने दुकानाबाहेर सांगितलं होतं आणि ते खरंच काम करतं. चाकाकडे बघितलं की दगड मोठे होतात, लांब बघितलं की सायकल आपली आपण दगडावरून जाते, एकोणतीस इंची चाकाला त्या मुळांचं आणि गोट्यांचं काहीच वाटत नाही. मी तोंडाने चक्क हुर्रे वगैरे म्हणत होते.

मग एका वळणावर एक काका आणि त्यांचा कुत्रा. कुत्रा बरोब्बर वाटेच्या मध्ये, हलायला तयार नाही, शेपूट हलवतोय. स्पीड काही फार नव्हता. मी आपली सवयीप्रमाणे डाव्या हाताने, नुसता मागचा, हळूच म्हणून दाबला. एका बोटात थांबणारा ब्रेक मी चारही बोटांनी धरला होता. पुढचं चाक जागेवर थांबलं, आणि त्या सहा किलोंच्या खोट्यामुळे आधीच मऊ असलेला फोर्क असा बसला की हँडल एकदम खाली गेलं, मागचं चाक उचललं गेलं, आणि मी सिनेमात दाखवतात तशी हळूहळू उजवीकडे कलंडले. लांब उडी नाही काही नाही, निवांत पडले, झुडपात. कुत्रा येऊन तोंड चाटायला लागला. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात ते मला फ्रेंचमध्ये येत नव्हतं. काका बिचारे सॉरी सॉरी म्हणतायत, खरं तर चूक माझी, चालणाऱ्यांना आधी वाट द्यायची असते.

मला लागलं ते एवढंच, कोपर खरचटलं आणि मांडीला मुका मार. पण सायकल उजव्या अंगावर पडलेली, आणि गियरचं सगळं सामान उजवीकडेच असतं. उठून पायडल मारलं तर चेन कट कट करत उड्या मारतेय. मागे डोकावलं तर ते गियर बदलणारं यंत्र, डिरेलर, आतल्या बाजूला वाकलेलं. भावाने वाकून बघितलं आणि म्हणाला ताई, डिरेलर ठीक आहे, हँगर वाकलाय. हँगर म्हणजे फ्रेमला डिरेलर अडकवायचा बोटाएवढा अॅल्युमिनियमचा तुकडा, तो मुद्दामच मऊ बनवतात, म्हणजे आपटल्यावर तो वाकतो आणि फ्रेम वाचते. घरातल्या फ्यूजसारखा. पण वाकलेला असताना मोठी चकती टाकली तर डिरेलर स्पोकमध्ये जाऊन सगळ्याचा चुथडा होऊ शकतो, म्हणून तिथून पुढे मी चढाचे गियर न वापरता, निम्मी चालत, ले तीन स्टेशनपर्यंत आले आणि ट्रेन पकडली. भाऊ खालपर्यंत सायकलनेच गेला, आणि माझ्या आधी पोचून आइसक्रीम खात बसला होता.

दुकानात परत दिली तेव्हा त्या पोराने एका नजरेत ओळखलं. ओरडला नाही, हसलाही नाही, कोपरावर लावायला पट्टी दिली. मग बिल. हँगरचे ३० युरो. मी म्हटलं मी सकाळी ४ युरोचा इन्शुरन्स घेतलाय की. तर तो फक्त चोरीसाठी, तेही कुलूप लावलं असेल तर. मोडतोड त्यात नाही. कागदावर लिहिलं होतं म्हणे, फ्रेंचमध्ये, आणि मी सही ठोकून मोकळी झालेले. इथे मला राग आला, कारण इन्शुरन्स म्हणून विकताना एक वाक्य बोलायला काय जातं. सही करायच्या आधी एवढंच विचारा की पडून काही मोडलं तर यात बसतं का, आणि डिपॉझिट म्हणून कार्डवर किती रक्कम अडकवणार, कारण ती चांगली जाडजूड असते आणि कार्डाची लिमिट कमी असेल तर संध्याकाळी जेवायचे वांधे.

मग मी ब्रेकचा विषय काढला. हाताने करून दाखवलं, डावा, उजवा, स्कूटर. त्याला एकदम उलगडा झाला, म्हणाला इंग्लंडहून येणारे लोक असंच सांगतात, सकाळी बोलला असतात तर बदलून दिले असते. बदलून! म्हणजे सोय होती, फक्त मागायला हवी होती, आणि मागायला आधी माहीत हवं होतं. मी म्हटलं मग भिंतीवर एक पाटी लावा की. तो म्हणाला चांगली आयडिया आहे. लावली असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी परत त्याच दुकानात गेले, यातच काय ते आलं. भाऊ म्हणाला ब्रेक बदलून घे, पण मला वाटलं एका दिवसासाठी कशाला, म्हणून मी डाव्या ब्रेकला केसांचं लाल रबर गुंडाळलं, हात तिकडे गेला की आठवण व्हावी म्हणून. तो जुगाड शंभर टक्के चालला. आणि वजन खरं सांगितलं. पोराने माझ्याकडे बघितलं, रजिस्टरकडे बघितलं, काही न बोलता पंप आणला आणि फोर्कमध्ये बऱ्यापैकी हवा भरली. देवाशप्पथ सांगते, तीच सायकल वेगळीच लागली. आदल्या दिवशी ब्रेक मारला की नाक खाली घालायची, आता ताठ. त्या दिवशी सकाळी ट्रेनने आर्जांतिएर, मग ज्या रुंद वाटेने आदल्या दिवशी चढलो होतो तिनेच नदीकाठाने खाली, ले प्राला परत थांबून, दुपारच्या आत परत. दुपारनंतर ढग भरून आले आणि गडगडायला लागलं, डोंगरात असं होतं, त्यामुळे अर्ध्या दिवसाचं भाडं मिळत असेल तर तेच घ्या आणि सकाळचं घ्या, तसेही नवशिक्याचे हात तीन तासांत ब्रेक धरून धरून लाकूड होतात. मला रात्री काट्याने पास्ता उचलता येत नव्हता.

सायकलीला पाचपैकी पाच. खरंच, देखभाल उत्तम होती, चेन स्वच्छ, ब्रेक धारदार, जरा जास्तच धारदार. दुकानाला साडेतीन, अर्धा मार्क त्या पट्टीचा धरून. ई-बाईकबद्दल भावाचं मत विचाराल तर तो म्हणतो घ्याच, माझं मत असं की पहिल्या दिवशी नको, चढताना दम लागला की आपोआप थांबायला होतं आणि त्या थांबण्यात सायकलची ओळख होते, मोटर असली की न शिकताच माणूस वर जाऊन पोचतो आणि मग खाली तर यायलाच लागतं.

डिपॉझिटचे पैसे सहाव्या दिवशी सुटले. हँगरचे ३० गेले ते गेलेच, पण मी त्या पोराला म्हटलं पैसे भरलेत तर माल माझा, आणि तो वाकडा तुकडा कागदात गुंडाळून घेऊन आले. सध्या स्कूटरच्या किल्लीला लावलाय.